17 वर्षे कमावूनही गाठीला काही उरले नाही. नेमके अडले कुठे?

भांडुपकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय 42 आहे. 2008 साली अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात 11,000 रुपये पगारावर नोकरीला लागलो, 2013 मध्ये कंपनी बदलली आणि आज हातात 78,000 रुपये येतात. पत्नी घरीच शिकवण्या घेते, तिचे महिन्याला साधारण 18,000 होतात. कसलेही व्यसन नाही, गाडी नाही आणि गणपतीला गावी जाण्यापलीकडे गेल्या चार वर्षांत कुठे प्रवासही झालेला नाही. मुलगी यंदा दहावीला आहे. गेल्या रविवारी तिच्या पुढील शिक्षणाचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा बँकेतील 2,40,000 रुपये आणि भविष्य निर्वाह निधीतील सुमारे 9 लाख सोडले तर हाताशी येईल असे काहीच निघाले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

महिन्याचा हिशेब सविस्तर लिहितो. भांडुपला 310 चौरस फुटांचे घर 2016 मध्ये घेतले. त्याचा हप्ता 32,600 रुपये आहे आणि अजून सुमारे 24 लाख फिटायचे आहेत. विम्याच्या चार पॉलिसी आहेत. दोन थोरल्या मेहुण्यांकडून घेतल्या, एक चाळीतील जुन्या शेजाऱ्यांकडून आणि चौथी तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, बँकेतील एका ओळखीच्या कर्मचाऱ्याने कर वाचेल म्हणून गळी उतरवली. चारही पॉलिसींचा मिळून वर्षाचा हप्ता 86,000 होतो. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या 4 लाखांच्या वैयक्तिक कर्जाचे दरमहा 8,900 कापले जातात. क्रेडिट कार्डावर 60,000 रुपये थकले आहेत आणि त्यापोटी 'किमान देय रक्कम' म्हणून 3,000 रुपये मी न चुकता भरतो. मुलांच्या शाळेचे व क्लासचे 9,000 आणि गावी वडिलांच्या औषधपाण्याचे 4,000 जातात. उरलेल्या पैशांत घर चालते.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. 2013 मध्ये नोकरी बदलताना आधीचा भविष्य निर्वाह निधी काढून घेतला. 90,000 रुपये आले आणि ते भाड्याच्या घराच्या अनामत रकमेत व थोड्या भांड्याकुंड्यांत संपले. दुसरी गोष्ट लिहिताना अजूनही मन कडू होते. 2017 मध्ये एका सहकाऱ्याला पगारदार पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. तो नोकरी सोडून निघून गेला आणि पुढचे 38 महिने माझ्या पगारातून 4,500 रुपये कापले जात राहिले, म्हणजे एकूण 1,71,000. पगारपत्रकातील 'सोसायटी' हा रकाना दिसला की ती चिठ्ठी मी घडी घालून खिशात ठेवत असे. पत्नीला तब्बल दोन वर्षे सांगितले नव्हते.

माझी कमाईच अपुरी आहे, की माझे कुठे चुकत आले आहे? कार्यालयातील एक तरुण सहकारी शेअर बाजारातील ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर लावायच्या सौद्यांत, पैसे लावून 'गेलेली वर्षे भरून काढा' असे सुचवतो आहे. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

खतावणी यांचे उत्तर

भांडुपकर, मी बँकेत 34 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आणि त्यातील बरीच वर्षे कर्ज विभागात काढली. तुमच्या हिशेबासारखे हिशेब मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

घराचा हप्ता मी दोषांच्या यादीत धरत नाही. या शहरात डोक्यावर छप्पर हवे तर ते मोल मोजावेच लागते आणि ते घर तुमच्या नावावर आहे. त्या कर्जाचा आजचा व्याजदर किती आहे, एवढे मात्र तातडीने पाहा. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर) बाह्य दराशी जोडणे बंधनकारक केले, परंतु त्याआधीची कर्जे कर्जदाराने स्वतः मागणी केल्याशिवाय बहुधा जुन्याच पद्धतीवर राहिली. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला, आणि त्याचा पुरता लाभ जुन्या पद्धतीतील अनेकांच्या वाट्याला आलेला नाही. तुमचा दर समजा 9.25 टक्के असेल आणि तो 8 वर आला, तर हप्ता तोच ठेवूनही कर्ज सुमारे साडेसात महिने आधी फिटेल. साडेसात हप्ते म्हणजे 2,40,000 रुपयांच्या वर रक्कम झाली, आणि त्यासाठी एक अर्ज व थोडे शुल्क एवढाच खर्च आहे.

आता क्रेडिट कार्ड. हा हिशेब कागदावर मांडून पाहा. दरमहा साडेतीन टक्के धरले तर 60,000 वर महिन्याचे व्याज 2,100 रुपये होते आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378. तुम्ही भरलेल्या 3,000 मधून मुद्दल फिटते ते फक्त 522 रुपये. शिवाय मागची थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. नवी वस्तू घेतल्या दिवसापासून तिच्यावर व्याज चालू होते. एकीकडे बचत खात्यात 2,40,000 रुपये तीन टक्क्यांच्या आसपास व्याजावर पडून आहेत आणि दुसरीकडे तुम्ही वर्षाला 42 टक्के मोजत आहात. उद्या सकाळी पहिले काम म्हणून हे 60,000 भरून टाका. याहून अधिक परतावा देणारी दुसरी कोणतीही गुंतवणूक तुमच्यासमोर आज नाही.

भविष्य निर्वाह निधीचे 90,000 तुम्हाला किरकोळ वाटले असतील. गेल्या 12 वर्षांत त्या निधीवर 8.1 ते 8.8 टक्के व्याज मिळत आले आहे. ती रक्कम तशीच नव्या खात्यात वळवली असती, तर आज 2,35,000 च्या आसपास असती आणि तुमच्या 58 व्या वर्षी 8 लाखांच्या वर गेली असती. झाले ते झाले. पुढे नोकरी बदलली तर निधी काढू नका, खाते वळवून घ्या.

हे सगळे दुरुस्त होण्याजोगे आहे. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमची यादी पुन्हा वाचा. पॉलिसी मेहुण्यांच्या शब्दाखातर, शेजाऱ्यांच्या शब्दाखातर आणि बँकेतील ओळखीच्या माणसाच्या शब्दाखातर घेतल्या. जामीन सहकाऱ्याच्या शब्दाखातर राहिलात. आणि लग्नाचा खर्चही किती करायचा हे बहुधा तुम्ही ठरवलेले नव्हते. यांतील एकही निर्णय तुम्ही कागद-पेन घेऊन केलेला दिसत नाही. समोरच्या माणसाला 'नाही' कसे म्हणायचे, या संकोचातून ते झाले. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात आणि कर्ज विभागात बसून मी ते खरे होताना पाहिले आहे. उधळे लोक आमच्याकडे क्वचित येत. ते दुसरीकडे जातात. आमच्यासमोर बसत ते तुमच्यासारखे सरळमार्गी, शब्द पाळणारे आणि कुणाचेही मन न मोडणारे गृहस्थ.

जामीनकीविषयी लोकांची समजूत फार चुकीची असते. 'नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही,' असे सांगितले जाते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, म्हणजे कर्ज देणारी संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे असे बंधन नाही. पगारातून कपात करून देण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 मध्ये आहे. पतसंस्थेच्या दृष्टीने दोन व्यक्तींपैकी ज्याचा पगार हाताशी आहे, तोच वसुलीचा सोपा मार्ग ठरतो. भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, पण दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षांची असते. तुमच्या कपातीच्या तारखा वकिलाला एकदा दाखवून घ्या.

पॉलिसींबद्दल एक प्रश्न विचारतो. चारही पॉलिसींची मिळून विमा रक्कम किती आहे? वर्षाला 86,000 भरूनही ती गृहकर्जाच्या बाकीपेक्षा कमी निघाली, तर उद्या काही बरेवाईट झाल्यास तुमच्या पत्नीला घर राखता येणार नाही. बचत आणि विमा एकत्र बांधलेल्या अशा पॉलिसींचा परतावा माझ्या पाहण्यात 4 ते 6 टक्क्यांच्या पुढे गेलेला नाही, आणि विमा तर नावापुरताच मिळतो. कर वाचतो ही सबबही आता उरलेली नाही. 2025-26 पासून नव्या कररचनेत पगारदाराला वर्षाला 12,75,000 पर्यंतच्या पगारावर आयकर पडत नाही, आणि त्या रचनेत 80सी ची, म्हणजे विम्याचे हप्ते व तत्सम बचतीवर मिळणारी, वजावट मुळातच नाही. पॉलिसींचा तपशील कळवा. सरसकट सर्व बंद करा असे मी सांगणार नाही.

कुर्लेकर यांचे उत्तर

भांडुपकर दादा, बाकीच्या गोष्टी खतावणी काकांनी सांगितल्या आहेत. मी फक्त ऑप्शनविषयी लिहितो, कारण त्या वाटेने मी जाऊन आलो आहे. 2021 ते 2023 या काळात माझे 3,60,000 रुपये त्यात गेले. सुरुवातीला दोन महिने फायदा झाला आणि तोच घात ठरला, कारण त्यानंतर मी पगाराच्या दिवशी पैसे बाजूला काढून थेट ट्रेडिंगच्या खात्यात टाकू लागलो. नुकसान झाले की ते त्याच दिवशी भरून काढायचे, अशी मनाची अवस्था होते. दुपारी जेवायला न जाता मी कार्यालयाच्या जिन्यात मोबाइल घेऊन बसत असे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा आकडा वाचला तेव्हा मला जरा हायसे वाटले, कारण तोवर मी स्वतःलाच मूर्ख समजत होतो.

गेलेली वर्षे भरून काढण्याची घाई हाच मला सर्वांत मोठा अडथळा वाटतो. माणूस हिशेबाला बसतो, आपण मागे पडलो हे त्याच्या लक्षात येते, आणि त्या घाबरलेल्या आठवड्यात तो जो निर्णय घेतो तो आधीच्या दहा वर्षांच्या चुकांपेक्षा महाग पडतो. तुम्ही आज त्याच आठवड्यात आहात. सहकाऱ्याला नाही म्हणा.

लालबागची लेक यांचे उत्तर

खतावणी काकांचे बहुतेक म्हणणे मला पटले. भिडेविषयी मात्र मला वेगळे सांगायचे आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा रीतसर कधी झालीच नाही. तो नुसता विरत गेला. आई घरी खानावळ चालवायची. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले बारा-पंधरा कामगार आमच्याकडे दोन वेळा जेवत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तेव्हा गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना पहिल्यांदा बँकेचे कर्ज मिळू लागले, आणि आईचीही किराणा दुकानदाराच्या व्याजातून सुटका झाली होती. त्यामुळे आमच्या घरात दोन कमाया आहेत, एक बंद पडली तरी दुसरी तारेल, असा आम्हा सर्वांना विश्वास होता. संपाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत जेवणारे एकेक करून गावी निघून गेले आणि खानावळही बंद पडली. दोन्ही कमाया एकाच गिरणीच्या भोंग्यावर चालत होत्या, हे आम्हाला तेव्हा उमगले.

भांडुपकर दादा, तुमच्या घराकडे मी याच नजरेने पाहते. तुमचा पगार ज्या कंपनीतून येतो, तिथलाच भविष्य निर्वाह निधी, तिथलीच पतसंस्था, आणि बहुधा कुटुंबाचा आरोग्य विमाही तिथलाच असेल. कंपनीने दिलेला आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नोकरी सुटण्याचे वय साधारण तेच असते ज्या वयात आजार डोके वर काढतात. स्वतंत्र आरोग्य विमा घेतला नसेल तर तो वडिलांसह सर्वांचा आधी पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. तुमच्या घरात कंपनीवर अवलंबून नसलेली एकच कमाई आहे, ती म्हणजे वहिनींच्या शिकवण्यांची. ती घरखर्चात विरून जाऊ देऊ नका.

सोन्याबद्दलही सांगते, कारण अडचणीला सोने उपयोगी पडते असे आपण सगळेच म्हणतो. त्या वर्षी श्रावणात आई मला घेऊन सराफाकडे गेली. तिच्याकडे आजीने दिलेली बोरमाळ होती. सराफाने एक मणी कसोटीवर घासून पाहिला, मग मण्यांच्या आतील लाखेचे वजन वजा केले, घट धरली, आणि करताना दिलेली घडणावळ तर हिशेबातच नव्हती. काट्यावर जे उरले ते पाहून आई काही क्षण बोललीच नाही. मग तिने दोरा तेवढा परत मागून घेतला. सोने त्या महिन्यात आमच्या उपयोगी पडले हे खरे आहे. परंतु दागिना म्हणून घेतलेले सोने मोडताना, तेही गरजेच्या घडीला मोडताना, हातात किती येते ते मी पाहिले आहे. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते भागतील एवढी रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवा, आणि ती होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीचा विचार करू नका. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून 5 लाखांपर्यंतच संरक्षण असते, एवढे ध्यानात ठेवून बँक निवडा.

आता भिडेचे. संपाच्या काळात आमच्या मजल्यावरील एका कुटुंबाने आठ महिने आम्हाला धान्य दिले. कोपऱ्यावरील दुकानदाराने वही बंद केली नाही. त्यांनी 'नाही' म्हणायला शिकलेले असते, तर माझे शिक्षण नववीतच थांबले असते. आपल्या लोकांसाठी पदराला खार लावून घेणे ही माझ्या दृष्टीने चूक नाही, आणि बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नये असे मला मनापासून वाटते. फरक इतकाच, की त्या शेजाऱ्यांनी स्वतःजवळचे दिले. पुढील वीस वर्षांच्या पगारावर सही करून दिली नाही. आम्ही आमच्या घरी वर्षाच्या सुरुवातीला एक रक्कम ठरवतो. नात्यात, शेजारात, कामवाल्या मावशींच्या मुलीच्या फीसाठी जे काही द्यायचे ते त्यातून देतो आणि परत येईल असे धरून चालत नाही. जामीन मात्र कुणालाच राहायचे नाही. नकार देताना मी सांगते, 'सही देऊ शकत नाही, पण हे दहा हजार ठेवा.' आजवर कुणी नाते तोडलेले नाही.

शेवटचे एक, आणि हे बोलल्यावाचून राहवत नाही. जामीनकीची कपात तुम्ही वहिनींपासून दोन वर्षे लपवली. त्या दोन वर्षांत त्यांनी काटकसर कशासाठी करतो आहोत हे न कळता केली असणार. पुढचा हिशेब दोघांनी मिळून मांडा.

भांडुपकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे शेवटचे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने कपाटातून पॉलिसींची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली, आणि आम्ही शनिवारची सगळी दुपार त्यातील कागद वाचण्यात घालवली. इतक्या वर्षांत ते कागद मी पहिल्यांदाच नीट वाचले.

कार्डाचे 60,000 सोमवारी भरून टाकले. ऑप्शनचा विषय डोक्यातून काढला आहे. गृहकर्जाचा दर पाहिला तर तो खरोखर 9.25 टक्के निघाला. दर बदलून घेण्याचा अर्ज शाखेत आहे आणि शनिवारी जाऊन तो द्यायचा आहे.

पॉलिसींचा तपशील असा. मेहुण्यांकडील पहिली: वर्षाला 24,000, मुदत 20 वर्षे, 14 हप्ते भरले, विमा रक्कम 4,50,000. त्यांच्याकडीलच दुसरी: 18,000, मुदत 20 वर्षे, 12 हप्ते भरले, विमा रक्कम 3,40,000. शेजाऱ्यांची: 14,000, तीही 20 वर्षांची, 11 हप्ते भरले, विमा रक्कम 2,60,000. बँकेतील: 30,000, मुदत 15 वर्षे, तीनच हप्ते भरले, विमा रक्कम 3,50,000. एकूण विमा रक्कम 14 लाख होते आणि कर्ज 24 लाख आहे. काकांनी हा प्रश्न का विचारला, ते बेरीज केल्यावर समजले.

पत्नीच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. पहिल्या पॉलिसीवर वारस म्हणून आजही माझ्या आईचे नाव आहे. आई 2019 मध्ये गेली.

चारही बंद करून पैसे काढून घ्यावेत का? थोरल्या मेहुण्यांना वाईट वाटेल ही धास्ती मनात आहे, पण या वेळी ती बाजूला ठेवूनच विचारतो आहे.

खतावणी यांचे उत्तर

चारही बंद करू नका. आजवर भरलेले पैसे गेले असे समजा आणि यापुढे भरायच्या पैशांवर काय मिळते तेवढेच पाहा.

पहिल्या पॉलिसीचे सहा हप्ते, म्हणजे 1,44,000 रुपये भरायचे उरले आहेत. बोनस विमा रकमेच्या दर हजारामागे वर्षाला 45 रुपये धरला, तर हप्ते पूर्ण भरल्यावर मुदतीअखेर साधारण 8,55,000 मिळतील. आज हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' केली, तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होईल, पुढचा बोनस बहुधा थांबेल आणि मुदतीअखेर सुमारे 5,98,000 हातात येतील. 1,44,000 साठी 2,57,000 चा फरक पडतो, म्हणजे वर्षाला 16 टक्क्यांहून अधिक झाले. ही पॉलिसी शेवटपर्यंत चालवा, मेहुणेही खूश राहतील. दुसरी आणि शेजाऱ्यांची या दोन्हींचे उत्तर बहुधा याच बाजूला झुकेल, परंतु त्यांचा जमा बोनस लेखी विचारून घ्या आणि मग असाच हिशेब करा.

बँकेतील पॉलिसीचे चित्र नेमके उलटे आहे. अजून 12 हप्ते, म्हणजे 3,60,000 रुपये भरायचे आहेत. बोनस हजारी 40 धरला तर पूर्ण भरल्यावर 5,60,000 आणि आज पेड-अप केल्यास मुदतीअखेर 1,12,000 मिळतील. 3,60,000 भरून 4,48,000 अधिक येतात. परतावा साडेतीन टक्क्यांनाही पोहोचत नाही. हेच 30,000 दरवर्षी वहिनींच्या नावे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकले, तर आजच्या 7.1 टक्के दराने 12 वर्षांत 5,78,000 होतात. ते खाते 15 वर्षांचे असते, तेवढे लक्षात ठेवा. तुमच्या पॉलिसीत किती हप्त्यांनंतर पेड-अप करता येते हे कागदावर लिहिलेले असते. तीन हप्ते झाले असल्याने अडचण येऊ नये. मात्र ती पेड-अप करण्याआधी स्वतःसाठी शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, ज्यात बचत नसते, नुसता विमा असतो) घ्या, निदान कर्जाची बाकी आणि मुलांचे शिक्षण भागेल एवढ्या रकमेचा. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. आणि अर्जात आजारांची माहिती काहीही न लपवता भरा, कारण दावे नाकारले जातात ते बहुधा तिथेच.

वारसाच्या नावाचे काम मात्र बाकी सगळ्यांच्या आधी करा. नाव लावलेली व्यक्ती हयात नसेल, तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात. पण त्यासाठी वहिनींना वारस प्रमाणपत्रासारख्या कागदांसाठी महिनोन्महिने फिरावे लागेल. विमा कंपनीच्या शाखेत नामनिर्देशन बदलण्याचा अर्ज मिळतो, मूळ पॉलिसी सोबत न्यावी लागते. शनिवारी तुम्ही गृहकर्जासाठी बाहेर पडणारच आहात. शाखा त्या दिवशी सुरू असते का ते आधी विचारून घ्या, वहिनींना बरोबर न्या, उरलेल्या तिन्ही पॉलिसींवर आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर कुणाचे नाव आहे तेही पाहून घ्या, आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच त्याच पिशवीत ठेवा.